पावसाचा सातबारा

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात पंतप्रधानांच्या हस्ते बऱ्याच गोष्टींची उद्घाटनं व्हायची होती. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतला, म्हणजे ‘आयआयटीएम’मधला नवा महासंगणक त्यांतलाच एक. पुण्यात असा काही पाऊस कोसळला की दौराच रद्द झाला. पावसाचा अंदाज काढणाऱ्या यंत्राचं उद्घाटन पावसानेच उधळलं आणि ते दिल्लीतून, पडद्यावरून उरकावं लागलं. यंत्राचं नाव ‘अर्क’. आपल्याकडे हवामानाच्या महासंगणकांना सूर्याची नावं द्यायची रीत पडली आहे: आदित्य, भास्कर, प्रत्यूष, मिहीर, आणि आता पुण्यात अर्क, नोएडात अरुणिका. पावसाच्या मागावर सगळे सूर्य सोडले आहेत. त्यातही ‘अर्क’ हा शब्द मराठीत वांड पोरालाही लावतात, आणि पहिल्याच दिवशी त्याने तो खरा करून दाखवला.

दोन्ही यंत्रांवर मिळून सुमारे ८५० कोटी रुपये खर्च झाले. अर्कची कमाल ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. तेव्हा अर्क सेकंदाला ११,७७० लाख कोटी गणितं करू शकतो. हा आकडा वर्तमानपत्रात छापायला चांगला, पण खुलताबादच्या शेतकऱ्याला त्याचं काय? त्याचा प्रश्न साधा आहे: माझ्या शिवारात उद्या पडणार का? पेटाफ्लॉपच्या आकड्यापासून या प्रश्नापर्यंत येताना वाटेत बरंच काही गळतं.

खुलताबाद हे या विषयासाठी मोठं सोयीचं गाव आहे. गाव वर पठारावर, भद्रा मारुती आणि दर्गे तिथे. घाट उतरला की चार-पाच किलोमीटरवर वेरूळ, आणि मधल्या काळ्या कातळात पश्चिमेकडे तोंड करून खोदलेली लेणी. उत्तरेला बारा-एक किलोमीटरवर म्हैसमाळचा डोंगर, दुसऱ्या अंगाला साधारण तेवढ्याच अंतरावर दौलताबाद. पश्चिमेकडून येणारं मोसमी वारं या कड्याला धडकून वर चढतं, त्यामुळे वर भुरभुर आणि खाली ऊन, किंवा उलटंही, हे इथल्या माणसाला नवं नाही. बैलाचं एक शिंग ओलं, दुसरं कोरडं, असं जुनी माणसं म्हणतात. ज्यांना यात अतिशयोक्ती वाटेल त्यांनी २६ जुलै २००५ ची मुंबई आठवावी. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३.

आता संगणकाच्या आतली पृथ्वी कशी असते ते पाहू. हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर एक जाळी टाकतं. जाळीच्या प्रत्येक चौकटीत, जमिनीपासून वर थरावर थर रचून, तापमान, वारा, दाब, बाष्प यांचा एकेक आकडा ठेवतं. मग हवेच्या हालचालीची समीकरणं वापरून पुढच्या काही मिनिटांनी हे आकडे काय होतील ते काढतं, त्यावरून पुढच्या काही मिनिटांचे, असं करत दहा दिवस पुढे जातं. एका चौकटीत एकच तापमान आणि एकच उंची. चौकटीच्या आत काय आहे ते मॉडेलला दिसत नाही.

चौकट बारा किलोमीटरची असेल तर खुलताबाद आणि वेरूळ बहुधा एकाच चौकटीत पडतात. मग घाट नाहीसा होतो, कडा सपाट होतो, आणि पठाराची उंची व पायथ्याची उंची यांची सरासरी काढून एक मधलीच जमीन तयार होते, जी प्रत्यक्षात कुठेच नाही. हंगामी अंदाजाच्या ३८ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये खुलताबाद आणि छत्रपती संभाजीनगर एकाच घरात नांदतात. आणि शंभर वर्षांच्या हवामानबदलाचं गणित करणारं आयआयटीएमचं ‘अर्थ सिस्टीम मॉडेल’, ज्याचे निकाल जागतिक हवामान अहवालासाठी गेले, त्याची चौकट सुमारे २०० किलोमीटरची आहे. त्यात खुलताबाद आणि पुणे यांच्यात जेमतेम एका चौकटीचं अंतर उरतं.

तर मग चौकट लहान करा. इतकं सोपं असतं तर रडायचं कशाला?

चौकटीची बाजू निम्मी केली की त्याच जमिनीवर चौपट चौकटी लागतात. पण तेवढ्यावर भागत नाही. वेळेच्या एका पावलात, म्हणजे त्या काही मिनिटांत, वारा एक चौकट ओलांडून पलीकडे जाता कामा नये, नाहीतर गणित कोसळतं. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये ही अट मांडली. चौकट निम्मी, तर वेळेचं पाऊलही निम्मं. चौपट गुणिले दुप्पट म्हणजे आठपट काम. वरचे थरही दुप्पट केले तर सोळापट. २०० किलोमीटरवरून निम्मं निम्मं करत १००, ५०, २५, साडेबारा आणि सव्वासहावर या: पाच पायऱ्या. आठाचा पाचवा घात ३२,७६८. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट इथे वेगळी सांगायला नको. वाऱ्याचा कण कुठून आला हे मागे जाऊन शोधायची एक युक्ती आहे, तिच्यामुळे पाऊल जरा लांब टाकता येतं. पण हिशेबाचा कल बदलत नाही. हवामानबदलाची मॉडेल जाड जाळीवर चालतात ती आळसामुळे नव्हे. त्यांना दहा दिवस नाही, शतकं चालायचं असतं.

२०१८ च्या जानेवारीत आयआयटीएममध्ये ४ पेटाफ्लॉपचा प्रत्यूष आला आणि त्यावर देशाचा रोजचा जागतिक अंदाज साडेबारा किलोमीटरच्या जाळीवर निघू लागला. अर्क आल्यावर, २६ मे २०२५ रोजी, ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. ती आयआयटीएमच्याच शास्त्रज्ञांनी घडवली, आणि उष्ण कटिबंधात, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत, तिची जाळी सहा ते साडेसहा किलोमीटरची आहे. तिच्या जाळीची रचना मुळात जुन्याहून वेगळी आहे. जुन्या जाळीत ध्रुवाकडे चौकटी दाटीवाटीने जमत, त्या थंड ओसाडीवर फुकट गणित होई. नव्या जाळीत ध्रुवाजवळच्या पहिल्या अक्षवृत्तावर फक्त वीस बिंदू, आणि विषुववृत्ताकडे येताना प्रत्येक अक्षवृत्तावर चार-चार वाढत जातात. ३,०७० अक्षवृत्तांची बेरीज केली तर जवळपास ९५ लाख बिंदू होतात, आणि हा झाला फक्त एक थर. आपल्या पट्ट्यात, जिथे पावसाचं खरं राजकारण चालतं, तिथे बारकाई जास्त. मला ही योजना फार आवडते. नुसतं यंत्र मोठं न आणता, कुठे बारीक पाहायचं हे आधी ठरवलं.

आता हे काम हजारो प्रोसेसरांत वाटायचं कसं? महासंगणक म्हणजे एक महाकाय मेंदू, अशी आपली समजूत असते. तो असतो एक मोठा बारदाना: साधेसेच संगणक, पण हजारोंनी, आणि एकमेकांना वेगवान तारांनी जोडलेले. प्रत्येकाच्या वाट्याला पृथ्वीचा एक तुकडा येतो. एकाकडे मराठवाडा, दुसऱ्याकडे विदर्भ, तिसऱ्याकडे अरबी समुद्राचा एक पट्टा.

इथे शेतीचा अनुभव असलेल्याला पुढचं लगेच कळेल. मराठवाड्याच्या तुकड्यातला वारा विदर्भात जाणार, त्यामुळे प्रत्येक पावलाला शेजाऱ्याच्या बांधालगतचे आकडे मागून घ्यावे लागतात. समजा एका प्रोसेसरकडे १०० गुणिले १०० चौकटींचं शेत आहे. दहा हजारांपैकी बांधालगतच्या चौकटी ३९६, म्हणजे चार टक्के. काम लवकर व्हावं म्हणून प्रोसेसर शंभरपट केले आणि प्रत्येकाला १० गुणिले १० चा तुकडा दिला, तर शंभरातल्या ३६ चौकटी बांधावरच्या. समीकरणांना एकच नव्हे तर तीन ओळी पलीकडचं पाहावं लागत असेल, तर स्वतःच्या शंभर चौकटींसाठी शेजाऱ्यांकडून १५६ चौकटींची माहिती आणावी लागते. स्वतःच्या शेतापेक्षा बांध मोठा! वाटण्या होता होता शेत बांधात गेलं असं आपण म्हणतो, ते हेच. जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. प्रोसेसरांच्या बाबतीत तो निसर्गतःच लागू होतो. ठरावीक आकाराच्या कामावर प्रोसेसर वाढवत गेलं की आधी वेग वाढतो, मग वाढ मंदावते, आणि एका मर्यादेनंतर यंत्र गणित कमी आणि निरोपानिरोपी जास्त करू लागतं.

त्यातही आपल्या मॉडेलचा स्वभाव जास्त बोलका आहे. ते हवेची अवस्था चौकटींत मांडतं तशी लाटांच्या रूपातही मांडतं, आणि प्रत्येक पावलाला चौकटींतून लाटांत व लाटांतून चौकटींत उलथापालथ करतं. लाट सगळ्या पृथ्वीभर पसरलेली, त्यामुळे हे रूपांतर करताना शेजाऱ्याला विचारून भागत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचीही खबर लागते. दर काही मिनिटांनी ग्रामसभा, आणि कोरम पूर्ण झाल्याशिवाय पुढचा विषय नाही. गणित म्हणून ही पद्धत देखणी आणि अचूक आहे. हजारो प्रोसेसरांवर ती चालवणाऱ्याला मात्र घाम फुटतो.

काही कामं तर वाटताच येत नाहीत. सुरुवातीची माहिती वाचणं, शेवटी निकाल लिहून ठेवणं, ही कामं तलाठ्याच्या रांगेसारखी असतात. मागे कितीही माणसं उभी राहिली तरी सही करणारा एकच. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये याचं गणित मांडलं. कामाचा एक टक्का भाग जरी असा रांगेतला असला, तरी कितीही प्रोसेसर लावा, वेग शंभरपटीच्या पुढे जाणार नाही. म्हणून आता लिहिण्यासाठी वेगळे प्रोसेसर राखून ठेवतात. बाकीचे थांबत नाहीत, ते आकडे त्यांच्या हवाली करून पुढच्या पावलाला लागतात.

आणि एक गोष्ट, जी उद्घाटनाच्या भाषणात कधी येत नाही. पेटाफ्लॉपचा जो आकडा सांगतात, तो यंत्राचा कमाल वेग असतो. हवामानाचं मॉडेल प्रत्यक्षात त्यातला किती वापरतं? जगभरचा अनुभव असा की सहसा टक्केवारी एक आकडीच राहते. कारण सोपं आहे: गवंडी झपाट्याचा आहे, पण विटा आणून देणारे बिगारी कमी. हवामानाच्या कोडमध्ये प्रत्येक आकड्यावर गणित थोडंसं, पण आकडे मात्र ढिगाने स्मृतीतून आणायचे. प्रोसेसर बहुतेक वेळ हात चोळत बसतो. युरोपीय मध्यम-मुदत अंदाज केंद्राने २०२१ मध्ये यावर एक शहाणा उपाय केला. आकडे साठवायला ६४ बिट घेत होते, ते ३२ वर आणले. आठव्या दशांशापर्यंत तापमान ठाऊक असण्याची शेखी कशाला, मोजमापच मुळात तितकं अचूक नसतं! निम्म्या ओझ्यामुळे वाचलेल्या वेळात त्यांनी आपल्या अंदाजसमूहाचे, म्हणजे एकदम चालवलेल्या बऱ्याच अंदाजांचे, थर ९१ वरून १३७ केले. नवी कवडी न खर्चता वरची बारकाई मिळाली. अशी काटकसर आपल्या मराठी घरांत शिकवावी लागत नाही, संगणकशास्त्राला मात्र ती उशिरा सुचली.

प्रत्यूषवर ज्या अंदाजाला दहा तासांपर्यंत लागत, तो अर्कवर चार तासांत होतो असं शास्त्रज्ञ सांगतात. यंत्राची कमाल ताकद जवळपास तिप्पट, वेळेतला फायदा अडीचपट. ही तुलना काटेकोर नाही, यंत्रं वेगळ्या घडणीची आहेत. पण इतका फायदा पदरात पडणं, हे वर सांगितलेली सगळी गळती लक्षात घेता चांगलंच म्हणायचं. शिवाय हे सहा तास फार मोलाचे आहेत. उद्याचा अंदाज परवा तयार झाला तर त्याला इतिहास म्हणतात.

असा इतिहास लुईस फ्राय रिचर्डसनने खरोखरच लिहिला होता. २० मे १९१० या दिवसाच्या हवेचं गणित त्याने हाताने केलं, पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत असताना. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने चढेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. तरी १९२२ मध्ये त्याने ते चुकीचं उत्तर पुस्तकात जसंच्या तसं छापलं. त्याच पुस्तकात त्याने एक स्वप्न रंगवलं आहे: गोलाकार नाट्यगृहासारखी वास्तू, भिंतींवर जगाचा नकाशा, आणि ६४,००० माणसं आपापल्या चौकटीचं गणित करताहेत. मधल्या मनोऱ्यावर एक सूत्रधार. जो भाग पुढे पळतोय त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे रेंगाळतोय त्यावर निळा. आज महासंगणकावर काम करणाऱ्यांना हीच डोकेदुखी आहे. जुलैत ज्या प्रोसेसरच्या वाट्याला कोकण आलं त्याला ढग, पाऊस, सगळ्याचं गणित. ज्याच्या वाट्याला सहारा आला तो लवकर मोकळा. पण सगळ्यात मंद माणूस संपवेपर्यंत पुढचं पाऊल कुणालाच टाकता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी, संगणक नसताना, या माणसाला निळा दिवा सुचला होता!

पुण्याचा महासंगणकांशी संबंधही जुना आहे. १९८०च्या दशकात हवामानासाठी अमेरिकेकडून क्रे महासंगणक घ्यायचा, तर त्यांनी हवी तेवढी ताकद दिली नाही, आणि दिला तो हवामानापुरताच वापरायच्या अटींवर. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणनसंस्था उभी राहिली, आणि अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. तो मुळातच अनेक लहान प्रोसेसरांनी वाटून काम करायच्या तत्त्वावर बांधलेला. एकच बलाढ्य प्रोसेसर विकत मिळेना, म्हणून बरेच साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे, हा मार्ग आपल्याला नाइलाजाने घ्यावा लागला. पुढे सगळं जग त्याच मार्गाला लागलं.

इथवर वाचून खुलताबादचा वाचक म्हणेल, म्हणजे आता सहा किलोमीटर झाले, खुलताबाद आणि वेरूळ वेगळे झाले, काम फत्ते. थांबा. सहा किलोमीटरची जाळी म्हणजे सहा किलोमीटरचा अंदाज नव्हे. एखादी गोष्ट मॉडेलला धड दिसायची तर ती पाच-सहा चौकटींवर पसरलेली असावी लागते. एका चौकटीएवढी गोष्ट त्याला पुसट ठिपक्यासारखी दिसते. तेव्हा नीट दिसतं ते तीस-चाळीस किलोमीटरचं. वळवाचा ढग असतो काही किलोमीटर रुंद. त्याचं गणित होतच नाही, त्याच्यासाठी ठोकताळे वापरतात: हवा इतकी दमट आणि इतकी अस्थिर असेल तर अंदाजे एवढा पाऊस. ठोकताळ्यावाचून ढग पाहायचे तर चौकट तीन किलोमीटर किंवा त्याहून लहान हवी. अमेरिकेच्या फ्रंटियर या यंत्रावर २०२३ मध्ये सव्वातीन किलोमीटरच्या जाळीवर सगळी पृथ्वी चालवून दाखवली. पृथ्वीवरच्या सव्वा वर्षाला यंत्राचा एक दिवस लागला. म्हणजे एका शतकाला ऐंशी दिवस, आणि तोवर जगातलं त्या वेळचं सर्वांत वेगवान यंत्र दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

म्हणून ‘पंचायत पातळीवरचा अंदाज’ हे शब्द ऐकले की मी जरा सावध होतो. जाळी पंचायत पातळीवर आली आहे, हे खरं आणि कौतुकाचं. पण त्या चौकटीत काय घडेल याची खात्री तेवढी बारीक झालेली नाही. माझा कौल विचाराल तर, एका धारदार चित्रापेक्षा बरीच पुसट चित्रं शेतकऱ्याच्या जास्त कामाची. २०१८ च्या जूनपासून बारा किलोमीटरच्या जाळीवर २१ अंदाज एकदम चालवतात, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी. २१ पैकी १७ मध्ये पाऊस आला तर फवारणी थांबवा, चारमध्येच आला तर उरकून घ्या, असा निर्णय त्यावरून घेता येतो. या कामाची गंमत म्हणजे २१ अंदाजांना आपसात बोलावं लागत नाही. इथे बांधच नाही. प्रत्येकाचं शेत वेगळ्या गावात. असं काम महासंगणकाच्या पचनी पडतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा सगळा हिशेबच उलटवायला घेतला आहे. जुन्या दशकांच्या नोंदींवर एकदा शिकवलेलं मॉडेल दहा दिवसांचा अंदाज काही मिनिटांत काढतं. अर्क आणि अरुणिकासोबत या कामासाठी १.९ पेटाफ्लॉपचं वेगळं यंत्रही घेतलं आहे ते त्याचमुळे. पण ज्या नोंदींवर ही मॉडेल शिकतात, त्यांतल्या रिकाम्या जागा भरून त्या सलग करण्याचं काम समीकरणांवर चालणाऱ्या जुन्याच मॉडेलनी केलं आहे, हे विसरलं जातं. शिष्याने गुरूला मागे टाकलं असेलही, पण शिदोरी गुरूचीच.

आणि दोघांनाही लागतात मोजमापं. मॉडेल कितीही बारीक करा, आज सकाळची हवा नेमकी कशी होती हे कळल्याशिवाय ते पहिलं पाऊलच टाकू शकत नाही. आणि काल सांगितलेलं खरं ठरलं का, हे तपासायलाही जमिनीवरच यावं लागतं. राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आता उभी आहेत. तरीही एक मंडळ म्हणजे बरीच गावं, आणि मापक एकच. सहा किलोमीटरच्या मॉडेलच्या बारकाईची परीक्षा घ्यायला जमिनीवरची बारकाई पुरी पडत नाही, अशी उलटी वेळ आली आहे.

तेव्हा खुलताबाद तालुक्यातल्या वाचकाला एवढंच सांगणं: आपल्या मंडळाचा पर्जन्यमापक कुठे बसवला आहे ते एकदा जाऊन पाहा. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला असेल तर तक्रार करा. अर्कने काहीही सांगितलं असलं, तरी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की नाही, अतिवृष्टी धरायची की नाही, हे अजूनही त्या मापकावरच ठरतं.